दीड नंबर मोठा

शशिकांत फणसवाडीचा, जगदीश परळच्या चाळीतला, आणि दोघांची मैत्री अशी की गिर्यारोहकांच्या मंडळात एकाला हाक मारली तर दोघं ओ देत. पण खरं सांगायचं तर शशिकांत आतल्या आत जगदीशवर जळत होता. दोराच्या गाठी त्याला शिकवल्या कुणी? शशिकांतने. आणि नागफणीचा कडा आधी चढून गेला कोण? जगदीश! शिष्य गुरूला भारी पडला की लोक टाळ्या वाजवतात. गुरूवर काय गुजरते ते कुणी विचारत नाही.

सत्तावनचं साल होतं. मुंबई महाराष्ट्राला मिळते की नाही या काळजीने अख्खं गिरगाव शिवाजी पार्कच्या सभांना लोटत होतं, आणि त्याच दिवसांत दार्जिलिंगच्या गिर्यारोहण शाळेत सह्यमित्र मंडळाला एक जागा मिळाली. जागा एक, उमेदवार दोन, आणि मंडळाकडे बर्फातल्या बुटांचा जोडही एकच, चोरबाजारातून आणलेला विलायती. मग कार्यकारिणीने डोकं लढवलं: बूट ज्याच्या पायात घट्ट बसेल, तो जाईल. या मंडळींनी जन्मात बूट घेतला तो लग्नासाठी, नाहीतर नोकरीच्या मुलाखतीसाठी. बूट वापरून सैल होतो, म्हणून घेताना घट्टच घ्यावा, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल.

शाळेचं पत्र आलं ते चिटणीस म्हणून शशिकांतच्याच हाती, आणि त्यात नेमकं उलटं लिहिलं होतं. उंचीवर पाय सुजतात. लोकरी मोज्यांचे दोन जोड एकावर एक घालावे लागतात. उतरताना बोटं पुढे टेकता कामा नयेत. म्हणून बूट नेहमीपेक्षा दीड नंबर मोठा घ्या. घट्ट बुटात रक्त थांबतं, बोटं काळी पडतात आणि कापावी लागतात.

बूट नऊ नंबरचा. शशिकांतचा पाय नऊचा, जगदीशचा साडेसातचा.

रीतीप्रमाणे पत्र मंडळात वाचायला हवं होतं. शशिकांतने ते ट्रंकेत शर्टांखाली सरकवलं. आपल्या बोटांचं काय होईल हे त्याला कळत नव्हतं असं नाही. पण दार्जिलिंगहून परतलेल्या जगदीशला बोरीबंदरावर आपण हार घालतोय, हे चित्र डोळ्यांपुढे आलं की बोटं गेली तरी बेहत्तर असं त्याला वाटे. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करणारे असतात. हा बोटं द्यायला निघाला होता.

रविवारी मंडळाच्या खोलीत पाहणी झाली. पातळ मोज्यावर शशिकांतचा पाय बुटात गच्च बसला. जगदीशच्या टाचेमागे बोट सहज जात होतं. "ढगळ!" सगळे ओरडले. जगदीशने हसून मित्राची पाठ थोपटली, आणि त्या हसण्याचाही शशिकांतला राग आला. हरल्यावर निदान तोंड तरी पाडावं माणसाने!

निघायला दोन दिवस उरले असताना जगदीश फणसवाडीत आला. हातात पुडकं होतं.

"आईने मोजे विणलेत तुझ्यासाठी. दोन जोड. एकावर एक घाल आणि बूट चढवून बघ."

"बघीन नंतर."

"आत्ताच घाल ना, दादा," चहा घेऊन आलेली शशिकांतची बहीण सुनंदा म्हणाली. "आम्हालाही बघू दे साहेब!"

आता सुटका नव्हती. शशिकांतने दोन्ही जोड चढवले आणि बूट ओढला. टाच आत जाईना. तो लालबुंद होईस्तोवर ओढत राहिला.

"राहू दे रे," जगदीश हळूच म्हणाला. "मला ठाऊक होतं. आमचे नाना लढाईत पलटणीबरोबर बर्फात राहिलेत. पाहणीच्या दिवशीच बोलले, बर्फात बूट दीड नंबर मोठा लागतो. पण मी तोंड उघडलं असतं तर सगळे बोलले असते, हरला म्हणून जळतोय. म्हणून गप्प बसलो. पण झोप लागेना. तुझी बोटं जायची आणि मी मानापायी गप्प!" त्याने मान खाली घातली. "माफ कर, शशी. त्या शाळेवाल्यांनी तरी कळवायचं की नाही? कळवलं असतं तर पहिला तूच बोलला असतास."

त्या क्षणी शशिकांतला त्याचा जेवढा हेवा वाटला तेवढा आजवर कधीच वाटला नव्हता. कडा चढणाऱ्या पायांचा हेवा करत त्याने दिवस काढले होते, पण हे मन त्याच्याने सहन होईना. नुसतं "हो ना" म्हटलं असतं तरी भागलं असतं. पत्राचं कुणालाही कळलं नसतं, आणि मित्रासाठी जागा सोडणारा मोठ्या मनाचा म्हणून वर त्याचीच वाहवा झाली असती.

"कळवलं होतं," शशिकांत म्हणाला. "महिना झाला. पत्र माझ्याकडेच आहे."

सुनंदा दादाकडे बघतच राहिली. जगदीश खाली बसला, हात पुढे करून त्याने मोजे मागितले, एकावर एक चढवले, बूट घातले आणि नाड्या बांधायला घेतल्या. शशिकांतकडे त्याने पुन्हा पाहिलं नाही.