दोन मुठींतले मणी

रात्रभर बन्नीच्या गवताळ माळावर चरून म्हशी उजाडताना आपल्या आपण परत आल्या. त्यांत लाखी नव्हती.

जेना काटेरी कुंपणापाशी उभी राहून पुन्हा पुन्हा कळप बघत होती. लाखी तिची स्वतःची. वगार असतानाच मिठनडाडांनी ती नातीच्या नावाने करून दिली होती. पहिलंच वेत, दिवस भरलेले, कास तट्ट फुगलेली. म्हणून काल तिला बांधून ठेवलं होतं, तर दोरी तोडून ती कळपामागे गेली.

“व्याली असेल कुठंतरी,” उमेरचाचा म्हणाला. “आणि तू अशी काय उभी? जशी म्हैस नाही, तूच अडली आहेस!”

जेना हसली नाही.

हिवाळ्यात कळपातल्या मोरीला पारडू झालं होतं. त्याला मागचे पाय गुडघ्यांखाली नव्हतेच. ते उठायला बघायचं आणि जागच्या जागी घसटायचं. मोरी त्याला चाटत राहिली. दुसऱ्या दिवशी ते मेलं. नजर लागली, असं सगळे म्हणाले. डाडांनी मात्र बादल रेड्याला खुंट्याला बांधलं आणि पुन्हा कळपात सोडलं नाही. पण लाखी तोवर त्याच्यापासूनच गाभण होती.

मोरी आणि लाखी, दोघी बादलच्याच मुली. रेड्याच्या मुली माजावर यायच्या आत रेडा दुसऱ्या गावाला द्यायचा, ही इथली रीत. पण बादलच्या मुली दुधाने बादली काठोकाठ भरायच्या. अजून एक वर्ष, अजून एक वर्ष, असं करत डाडांनी त्याला ठेवून घेतलं होतं.

“पण बादल तर धडधाकट आहे, डाडा,” जेनाने तेव्हा विचारलं होतं. “मोरी पण. मग असं कसं?”

डाडांनी तिच्या भरतकामातले मणी मागितले. एक काळा, एक पांढरा आपल्या मुठीत घेतला. तसेच दोन तिच्या मुठीत दिले.

“ही माझी मूठ बादलची, तुझी मोरीची. प्रत्येक जनावरात असे दोन मणी असतात; या दोघांच्या जोडीत एक काळा. पारडाला दोघांकडून एकेक मणी मिळतो. एक जरी पांढरा आला, तरी पाय धड. दोन्ही काळे आले, तर मोरीच्या पारडासारखं होतं. बादलचा काळा मणी मुलींमध्ये उतरलेला असू शकतो. परक्या म्हशीकडे तो बहुधा नसतो, म्हणून तिथं धकून जातं.”

“लाखीकडे आहे?”

“बघता येत नाही, बाळा. तेच तर.”

तेव्हापासून जेनाच्या ओढणीच्या गाठीत ते चार मणी होते. दोन मुठींतून एकेक मणी काढत ती एकटीच खेळायची. दोन्ही काळे आले की ती पुन्हा काढायची.

“हे बघ अब्बा,” लाखीला शोधायला निघता निघता उमेर डाडांना म्हणाला, “पारडू धड निघालं, तर आज संध्याकाळी बादल कळपात. उगाच बांधून घातलाय बिचाऱ्याला.”

बाभळीच्या रानात ते हाका मारत फिरले. एका जाळीपाशी मातीत कोल्ह्याची पावलं दिसली. जेनाने डाडांची बाही घट्ट धरली. पुढे मोकळ्यात लाखी मान खाली घालून उभी होती. तिच्या पायाशी गवतात काहीतरी काळं पडलेलं होतं. हलत नव्हतं.

डाडा थांबले. “तू जा,” ते म्हणाले.

“लाखी... मी आहे गं,” म्हणत जेना पुढे गेली. लाखीने जोरात फुत्कार टाकला, मग ओळखून नाक पुढे केलं. पारडाचे डोळे उघडे होते. पण मागचं अंग उंच गवतात बुडालेलं. गवत बाजूला करायला जेनाचा हात होईना. म्हशीचं पिल्लू उठतं ते आधी मागून. ती श्वास रोखून बघत राहिली.

पारडू हललं. घसटलं. पुन्हा घसटलं. अगदी मोरीच्या पारडासारखं. जेनाने डोळे मिटले.

“अगं, बघ तरी!” उमेर ओरडला.

मागचे दोन लांब, ओले, लटपटते पाय उभे होते. पारडी होती ती.

डाडाही जवळ आले. उमेरने टाळ्या पिटल्या. “बघा! कुठले मणी नि कुठलं काय! आज बादल सुटणार.”

जेना त्याच्याकडे वळली. तिने ओढणीची गाठ सोडली, एक काळा, एक पांढरा असे दोन मणी डाडांना दिले, तसेच दोन स्वतःच्या मुठीत धरले.

“चाचा, डाडांची मूठ बादलची, माझी लाखीची, तिच्यातही काळा आहे असं धरून. एकेक काढा. डोळे मिटून.”

“पोरी, खेळायची वेळ आहे का ही?”

“काढा ना.”

त्याने काढले. एक पांढरा, एक काळा. “झालं? धड आलं!”

“ही लाखीची पारडी. आता पुढचं वेत. मणी परत टाका, पुन्हा काढा.”

दोन्ही पांढरे. उमेर हसला. “आता तिसरं,” जेना म्हणाली. त्याने पुन्हा डोळे मिटून दोन मुठींत बोटं घातली, तळहात उघडला, आणि हसू ओठांवरच राहिलं.

दोन्ही काळे होते.

पारडी सड शोधत लाखीच्या पोटाला ढुशा देत होती. उमेर आधी तिच्या मागच्या पायांकडे आणि मग हातातल्या मण्यांकडे बघत राहिला.

संध्याकाळी कळप निघाला तेव्हा खुंट्याला बादल रेकत होता. उमेरने त्याची दोरी ओढून पाहिली, आणि वर आणखी एक गाठ मारली.