महारोगाची गोळी

डॉक्टरांनी कुंदाची खालची पापणी अंगठ्याने ओढली आणि तिचा चेहरा खिडकीकडे वळवला. पापणीच्या आत लालीचा मागमूस नव्हता. डोळे पिवळे पडले होते.

"लघवी कशी होते?"

"काळ्या चहावाणी," ती जमिनीकडे बघत म्हणाली.

सकाळी नळावर कळशी उचलताना ती कोसळली होती. निरोप मिळताच तिचा नवरा भगवंत काडेपेटीच्या कारखान्यातून तसाच धावत आला. आता तो दाराशी उभा होता. सासू भागीरथी बाकावर बसली होती, मांडीवर कुंदाची वर्षाची मुलगी.

"अंगातलं रक्त फुटतंय," डॉक्टर म्हणाले. "एखाद्या औषधानं असं होतं. कुठली गोळी चालू आहे?"

"न्हाई."

"नीट आठवा. ती बंद झाली नाही तर जिवावर बेतेल."

कुंदाने भगवंतच्या चपलांकडे पाहिलं. पदराचं टोक बोटाला घट्ट गुंडाळलं.

"न्हाई."

"घेते ती," भागीरथी म्हणाली. "पांढरी गोळी. बहिणीकडं जाते म्हनून सांगती आन् उल्हासनगरात कॅम्प चारच्या दवाखान्यातनं आनती. महारोगाची."

भगवंतचा चौकटीवरचा हात खाली आला.

"गोळी वाईट नाही, हिला मानवली नाही," डॉक्टर त्याच्याकडे बघत म्हणाले. "रोग बरा होतो. दुसरं औषध देता येईल. पण आधी हिला उल्हासनगरच्या मोठ्या इस्पितळात न्या, रक्त चढवावं लागेल."

"मुलीला?" भगवंतने विचारलं.

"मुलीला काही झालेलं नाही."

तो रिक्षा बघायला गेला. कुंदा दवाखान्याच्या पायरीवर भिंतीला टेकून बसली.

"आत्या, तुमाला कवापासनं ठाऊक?"

"बाळंतपनात तुला न्हाऊ घालत हुते, तवाच मांडीवरचा चट्टा दिसला."

"मग बोलला न्हाईत?"

"बोलले असते तर तुला ठेवली असती का त्यानं?"

रिक्षा आली. भागीरथीच्या कडेवरून मुलगी कुंदाकडे झेपावली. भगवंतने तिला मधल्यामध्ये उचललं आणि पुढे ड्रायव्हरला चिकटून बसला.

मागे दोघींना सबंध सीट मोकळी होती. भागीरथी सरकत अगदी कुंदाच्या अंगाला टेकली आणि तिचं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं. पुढे मुलगी रडायला लागली. भगवंत समोर रस्त्याकडे बघत राहिला.

"चल रे भाऊ," भागीरथीच म्हणाली.