केसभर सरकलेला ठिपका

"मामा, सरकला. खरंच सरकला." पल्लवीचा डोळा सूक्ष्मदर्शकावरून हलला नाही.

"दम धर पोरी. आन् आकडा वाच निवांत," आकाराम म्हणाला.

माणदेशातल्या त्या महाविद्यालयात आकाराम भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेचा शिपाई होता. फिरत्या आरशाची मोटार जळून एकोणीस वर्षे लोटली होती. तेव्हापासून तिथे प्रकाशाचा वेग कोणी मोजला नव्हता. वह्यांमध्ये मात्र तो दरवर्षी यथासांग मोजला जात होता. ग्रंथातला आकडा घ्यावा आणि त्यावरून उलट्या गणिताने निरीक्षणे बसवावीत, अशी परंपराच पडली होती. अखेर गेल्या दिवाळीत आकारामने पंपाच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देणाऱ्या धुळा नावाच्या कारागिराकडून ती मोटार भरून आणली आणि व्हरांड्याच्या टोकाचा स्थिर आरसा आठवडाभर खपून रेषेत बसवला. प्रकाश तिथवर जाऊन परते, तोवर फिरता आरसा किंचित वळलेला असतो. म्हणून परतलेला ठिपका केसभर बाजूला पडतो. तो केसभर सरकलेला ठिपका कोणाच्या तरी वहीत खरोखर उतरावा, एवढीच त्याची आस होती.

आज प्रात्यक्षिक परीक्षेत पल्लवीला याच प्रयोगाची चिठ्ठी निघाली होती. तिने गणित पुरे केले. सेकंदाला दोन लाख चौऱ्याऐंशी हजार किलोमीटर.

विभागप्रमुख जयराजसरांनी उत्तरपत्रिका पाहिली. "हे काय गं? दोन लाख नव्व्याण्णव हजार हवेत."

"सर, दिसलं तेच लिवलंय."

"इतक्या वर्षांत एकाचंही चुकलं नाही. तुझाच प्रकाश लंगडा कसा गं?"

"सर, मोटार चालतीया आता," आकाराम पुढे झाला. "ठिपका म्या सोता बघितलाय. जुनं सामान हाय, थोडं कमी पडायचंच."

"आकाराम, तुम्ही आरसे पुसा. फिजिक्स आमच्याकडं राहू द्या." सर पल्लवीकडे वळले. "परीक्षक चहा घेऊन येतायत. हा आकडा बघून ते नापास करतील. दुसरा कागद घे."

सर गेले. पल्लवीने उत्तरपत्रिकेवर तळहात दाबून धरला. "मामा, म्या न्हाई बदलणार. डोळ्यानं बघ, मग लिव, असं तुमीच म्हणला हुता."

"व्हय. म्हणलो हुतो."

सांगलीला पुढच्या शिक्षणाचा प्रवेश याच गुणांवर मिळायचा होता. मेंढरांमागे हिंडणाऱ्या तिच्या घरातून एवढ्या दूरवर शिकायला आलेली ती पहिलीच होती, हे आकाराम जाणून होता. त्याने गठ्ठ्यातून कोरा कागद काढून तिच्यापुढे ठेवला.

"लिव."

"मामा, आवं..."

"लिव म्हणतो न्हवं."

एकोणीस वर्षे कानांवर पडून मुखोद्गत झालेली ती निरीक्षणे तो ओळीने सांगू लागला. आरसा फिरतच होता. सूक्ष्मदर्शकाकडे दोघांपैकी कोणीही पाहिले नाही. सारे खरे वाटावे म्हणून मधल्या एका आकड्यात त्याने आपणहून थोडी चूकही घातली.