पोचल्याचा निरोप

बाकाचं एक टोक स्टेशनमास्तरांनी धरलं, दुसरं टेम्पोवाल्यानं. स्टोव्ह, किटल्या आणि पत्र्यांच्या वर बाक कसंबसं बसलं. तरी हातभर मागे बाहेर राहिलंच.

"लाल फडकं असेल तर द्या," टेम्पोवाला म्हणाला. "मागच्याला दिसायला हवं."

चहाच्या टपरीवाल्या वहिनी आपली गाठोडी चाचपू लागल्या. मास्तर स्टेशनात गेले आणि कपाटातलं लाल निशाण घेऊन आले.

"अहो, ते राहू द्या," वहिनी म्हणाल्या. "इतकी वर्षं जपलंत."

"कपाटात बसून कुणाला थांबवणार आहे ते?" मास्तरांनी निशाण बाकाच्या पायाला घट्ट बांधलं आणि गाठ ओढून पाहिली.

वहिनींच्या नवऱ्यानं फलाटाच्या टोकाला चहाची टपरी टाकली, तेव्हा मास्तर इथे नवेच होते. पुढे तो गेला, मग गाड्या गेल्या. टपरी मात्र वहिनींनी चालू ठेवली. अलीकडे गिऱ्हाईक एकच उरलं होतं, सकाळी एक कप आणि संध्याकाळी एक. आता त्या लेकीकडे निघाल्या होत्या, पुढच्या स्टेशनच्या गावात.

"तुम्हीही मुलाकडे जा आता," त्या म्हणाल्या. "सारखा बोलावतोय. क्वार्टरचं छप्पर एक दिवस तुमच्या डोक्यावर येऊन बसेल."

"जाईन की. लाइन मोकळी झाली की."

"रूळसुद्धा उपटून नेले, मास्तर. आणखी किती मोकळी हवी?"

मास्तर हसले.

एकेरी लाइनचा एक साधा नियम असतो. गाडी सोडली की मास्तरचं काम संपत नाही. पुढचा मास्तर ती गाडी येताना पाहतो. शेवटच्या डब्यामागचा दिवा दिसला, म्हणजे वाटेत एकही डबा सुटलेला नाही, गाडी पूर्ण आली. मग तो मागच्या स्टेशनला फोन करून तसं कळवतो. तो निरोप येईपर्यंत मागच्यानं दुसरी गाडी सोडायची नाही. मास्तर सगळी नोकरी असेच फोनला कान लावून बसले होते.

हे आणि पुढचं, दोन्ही स्टेशनं एकाच दिवशी बंद झाली. मास्तरांनी शेवटची गाडी सोडली आणि ते फोनपाशी बसले. निरोप आलाच नाही. पुढच्या मास्तरनं ट्रंक उचलली होती आणि कळवायचं विसरून तो त्याच गाडीत चढून निघून गेला होता. हे मास्तरांना नंतर समजलं. गाडी सुखरूप गेल्याचंही समजलं. पण समजणं वेगळं आणि निरोप येणं वेगळं.

"पोचलात की कळवा," टेम्पो सुरू झाल्यावर ते म्हणाले.

वहिनींनी मान हलवली. टेम्पो खडखडत वळणापर्यंत गेला. निशाण दिसेनासं होईतो मास्तर उभे राहिले.

मग ते फलाटाच्या टोकाला आले. टपरीच्या जागी स्टोव्हचा काळा डाग होता आणि बाकाच्या पायांचे चार पांढरे ठसे. चहाची वेळ झाली होती. बसायला काही नव्हतं, म्हणून ते फलाटाच्या कडेवरच बसले, पाय खाली सोडून. असं बसणाऱ्या किती जणांना त्यांनी ओरडून उठवलं होतं. खाली रुळांच्या जागी गवत होतं. त्यांनी खिशातला मोबाइल काढून मांडीवर ठेवला.

उन्हं उतरली. एक बकरी रुळांच्या वाटेनं चरत आली आणि निघून गेली.

फोन वाजला.

"हॅलो," पलीकडून वहिनी मोठ्यानं बोलत होत्या. स्टेशनच्या खिडकीतून त्यांनी वर्षानुवर्षं ऐकलेल्या मास्तरांच्याच सुरात. "गाडी पूर्ण पोचली."

मास्तरांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"पूर्ण?"

"पूर्ण. मागचं निशाण मी स्वतः उतरून पाहिलं. लाइन मोकळी."

"गाडी पूर्ण पोचली," मास्तरांनी सवयीनं निरोप परत म्हणून दाखवला. "लाइन मोकळी."

पलीकडे कुणीतरी किटल्या उतरवत होतं.

"मग?" वहिनींनी विचारलं. "पुढची कधी सोडताय?"

"सकाळी. मुलाच्या गावाला. पण इथे कुणी नसणार. ती पोचल्याचं कळवायचं कुणाला?"

"मला कळवा की. मी कुठे पळून चाललेय."

मास्तर उठले, धोतराला लागलेली धूळ झटकली. क्वार्टर लाइनीच्या पलीकडे होतं. ते फलाटावरून खाली उतरले, गवताच्या काठाशी थांबले, आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे, आणि ट्रंक काढायला पलीकडे गेले.