शेवटची पिशवी जाईपर्यंत

अक्कलकोट रस्त्याला आमचं शेत आहे. सोलापुरातली काही घरं तिथला भाजीपाला हंगामाआधीच बोलून ठेवतात. जे पिकेल ते सगळ्यांत वाटायचं. रविवारी पहाटे तोडणी होते, लिंबाखाली पिशव्या भरतात आणि लोक येऊन घेऊन जातात.

पहिल्या वर्षी घरं थोडीच होती. कुणाला कमी पडू नये म्हणून इष्टलिंगाच्या पूजेत मी बोलून गेले, रविवारी शेवटची पिशवी ज्याची त्याच्या हाती जाईपर्यंत पाणी घेणार नाही. तेव्हा ऊन चढायच्या आत सगळं आटपायचं. पुढं आमच्या ह्यांनी, शिवशरणांनी, माझं व्रत भाजीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिलं आणि घरं वाढली. आता लोक पिशवी घेताना माझ्या पाया पडतात. आणि दुपारी येतात.

मागच्या रविवारी दोडक्याच्या मांडवाखाली मला घेरी आली. सून ऋतुजा धावली. "आत्याबाई, घ्या की घोटभर! देव काय बघत बसलाय व्हय?"

"तोच तर बसलाय," मी म्हटलं.

मठात जाऊन स्वामींना विचारलं. "उद्यापन करा, मोकळ्या व्हा. त्यात पाप न्हाय," ते म्हणाले. त्या शब्दांवर मी आठवडा काढला. ह्यांना सांगायचं तेवढं राहिलं होतं.

आज एक पिशवी उरली. सात रस्त्याच्या धनलक्ष्मीताईंचा फोन आला, पाहुणे आलेत, उद्या नेते. उद्या! मीच ह्यांना म्हटलं, "गाडी काढा, देऊन येऊ."

भर वैशाखाचं ऊन. पिशवी मांडीवर, जीभ टाळूला चिकटलेली. दारात मला बघून ताई ओशाळल्या. "अजून तशाच हाय तुमी?" पिशवी त्यांच्या हाती दिली आणि अख्खा तांब्या रिकामा केला. त्या पाण्यानं धीर आला. जिना उतरताना मी ह्यांना म्हटलं, "मला उद्यापन करायचंय. स्वामी करा म्हणालेत."

वाटलं होतं, चिडतील. पण ते लगेच म्हणाले, "कर की. लई सोसलंस."

माझे डोळे भरून आले.

"ऋतुजा धरंल पुढं," फोन काढत ते म्हणाले. "सासूचं व्रत सुनेनं चालवायचं, रीतच हाय. ग्रुपवर टाकतो, लोकांना बी बरं वाटंल."

"ती न्हाय म्हणंल."

"तू सांगितल्यावर?"

तोंडानं ती कितीही फटकळ असो, मी तिच्या कपाळाला विभूती लावून सांगितलं तर नाही म्हणणार नाही. ते मलाही ठाऊक होतं. ह्यांचं बोट फोनवर चालूच होतं.

"राहू द्या," मी म्हटलं.

"काय?"

"उद्यापन. माझं हाय, माझ्याकडंच राहू द्या."

"बघ बाई, तुझी मर्जी." त्यांनी लिहिलेलं पुसलं. चेहरा मात्र खुललेला.

"लोकांना लवकर या म्हणून तरी लिहा."

"लिहितो की," ते म्हणाले आणि फोन खिशात टाकला.