दुसऱ्या भागातला राजा

हसनाबादच्या बसस्टँडसमोर अंगदचं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान होतं. गाव त्याला दुकानावरून ओळखायचं. पण जिल्ह्यात दोघं-तिघं असे होते की जे त्याला 'उस्ताद' म्हणायचे, आणि अंगदला आपली खरी ओळख तीच वाटायची.

ही उस्तादी होती 'रिव्हर किंग्ज' नावाच्या खेळातली. कॉम्प्युटरवर राज्य चालवायचा खेळ. नद्यांच्या मुलखात सुरुवातीला एखादं लहानसं गाव हाती येतं, ते वाढवत वाढवत शेजारपाजारचे राजे जिंकायचे. नुसती बटणं बडवून भागत नाही, डोकं लागतं. केदारखेड्याचा मिथुन आणि जालन्यात स्टीलच्या कारखान्यात ऑफिसला असलेला भारत हे त्याचे जुने गडी. रविवारी दुपारी तिघं आपापल्या घरी कानाला हेडफोन लावून बसायचे आणि एकाच नकाशावर भिडायचे. वर्षानुवर्षं अंगदच जिंकत आला होता. अडलं की दोघं त्यालाच विचारायचे, आणि तोही आधी जरा भाव खाऊन मग सांगायचा.

मग या उन्हाळ्यात खेळाचा दुसरा भाग आला.

तिघांनी हौसेनं घेतला. पण उघडून बघतात तर काय, ओळखीचं काही राहिलंच नव्हतं. पहिल्या भागात सोनं असलं की फौज आणि फौज असली की मुलूख, एवढा सरळ हिशेब. आता फौजेला दाणागोटा लागत होता, तो नावेतून पोचवायचा, नावा चालायला नदीत पाणी लागायचं, आणि उन्हाळा लागला की नदी आटायची. वर सरदारांची मर्जी सांभाळा, गावोगावच्या लोकांचा राग बघा. पडद्यावर इतक्या खिडक्या उघडायच्या की मूळचा नकाशाच झाकून जायचा. सुरुवातीला शिकवणीचे धडे होते, पण अंगदनं ते उघडलेसुद्धा नाहीत. लोकांना पोहायला शिकवणाऱ्यानं आता पाठीला भोपळा बांधून विहिरीत उतरायचं काय?

तो आपला जुन्या पद्धतीनं फौज जमवायचा आणि थाटात निघायचा. लढाई जिंकायचाही. पण जिंकलेल्या गावात पोचेपर्यंत निम्मी फौज उपाशी मरायची आणि मागं राजधानीत सरदार फितूर झालेले असायचे. पुन्हा नवा डाव, पुन्हा तीच गत. कंपनीनं खेळाचं वाटोळं केलं, असं तो फोनवर मिथुनला सांगायचा.

त्याची बायको रेणुका गावातल्याच एका खासगी शाळेत तिसरीला शिकवायची. शाळेला सुट्टी होती. एका दुपारी कूलरची हवा घ्यायला म्हणून ती त्याच्या शेजारी येऊन बसली.

"हा लाल ठिपका कशाचा हो?" तिनं विचारलं.

"काही न्हाई. असतोच तिथं."

"सारखा लुकलुक करून राह्यला."

"करू दे."

थोड्या वेळानं फौज उपाशी मेली आणि ठिपका विझला. रेणुकानं ते पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी अंगद दुकानात गेल्यावर ती कॉम्प्युटरपुढं बसली. जेवायला घरी आलेल्या अंगदला तिला तिथं बघून गंमतच वाटली.

"किती राजे मारले मंग?"

"एकबी न्हाई. मीच दोनदा मेले," ती हसत म्हणाली. "ते धडे करून राह्यले आधी."

अंगदनं मोठ्या मनानं मान हलवली. बायकोला आपल्या छंदाची गोडी लागतेय, यात वाईट काय होतं? तो चार लोकांत कौतुकानं सांगायचाही, की आमची बाई पण बसती कॉम्प्युटरवर.

पण दिवस गेले तशी गंमत आटत गेली. रेणुका हरायची आणि हरल्यावर पदर खोचून परत पहिल्यापासून सुरुवात करायची. हरण्यात तिला काही अपमान वाटत नव्हता. तिला जुना खेळ माहीतच नव्हता, त्यामुळं हे असं का आणि ते तसं का नाही, अशी तिची कुरकुरही नव्हती. एका दुपारी अंगद घरी आला तेव्हा पडद्यावरच्या मोठ्या नदीचे दोन्ही काठ हळदीसारखे पिवळे दिसत होते. पिवळा हा तिचा रंग.

"हे कधी जिंकलं?" त्यानं विचारलं.

"जिंकलं कुठं? वरच्या दोघांच्या मुलखात दुष्काळ पडल्ता. मी धान्य धाडलं, तर त्यांनीच सोयरीक केली."

"असं होतं ह्याच्यात?"

"होतं की. धड्यातच सांगितलंय."

अंगद हात धुवायला मोरीत गेला आणि तिथंच जरा वेळ उभा राहिला. त्याचा स्वतःचा सगळ्यात मोठा मुलूख तिच्या निम्माही नव्हता. जेवायला बसला तरी डोळ्यांपुढं तो पिवळा रंगच होता. आपल्याला हे काय होतंय ते त्याला पक्कं माहीत होतं. भारत कधी चुकून एखादी लढाई जिंकला की असंच व्हायचं. पण भारत जालन्यात होता. ही समोर बसून त्याच्या ताटात वरण वाढत होती.

संध्याकाळी त्याची आई सखूबाई ओट्यावर शेजारणीला सांगत होती, "सुनेला बी येतो तो खेळ. आंगदापरीस ब्येस खेळती म्हणं." अंगदनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि गाडीला किक मारली.

पुढचा घाव मिथुननं घातला. अंगद अंघोळीला गेला असताना मिथुनचा खेळातूनच कॉल आला आणि रेणुकानं तो उचलला. मिथुनच्या धान्याच्या नावा मध्येच गाळात अडकून पडल्या होत्या. रेणुकानं त्याला उन्हाळ्याआधी घाटावर कोठार कसं बांधायचं ते समजावून दिलं. अंगदनं केस पुसत बाहेर येऊन हेडफोन लावला तर मिथुन कौतुकानं बोलत होता.

"उस्ताद, वहिनींनी एका झटक्यात काम केलं. या रविवारी त्यांना बी बसवू ना."

"तिला कुठं टाइम हाय," अंगद म्हणाला. रेणुका तोवर स्वयंपाकघरात गेली होती. "शाळेचं काम दिलंय तिला सुट्टीत."

"सुट्टीत?"

"मंग. पहिलीचं बी तिच्याच गळ्यात टाकलं."

आणि रात्रीच्या जेवणाला तो रेणुकाला म्हणाला, "या रविवारी न्हाई खेळ. भारत सासरवाडीला चाललाय." असलं खोटं तो आधी कधी बोलला नव्हता. बोलल्यावर त्याला हलकं वाटलं, आणि हलकं वाटलं याचंच जास्त वाईट वाटलं. तरी त्यानं शब्द मागं घेतला नाही.

खोटं शनिवारपर्यंतसुद्धा टिकलं नाही. शुक्रवारी दुपारी रेणुकानं ताट वाढलं, ठेच्याची वाटी ठेवली आणि समोर बसली.

"मिथुनभावजींचा मेसेज आल्ता. विचारून राह्यले, शाळेचं काम उरकलं का म्हणून."

अंगदनं भाकरी मोडली.

"कोणतं काम हो?"

"अगं, मला वाटलं..."

"काय वाटलं?"

अंगदनं ठेच्याची वाटी पुढं ओढली. रेणुकाचा आवाज चढला नाही. वर्गात फळ्यावरचं चुकलेलं गणित पोराला पुन्हा वाचायला लावावं, तसा तिचा सूर होता.

"लग्न झालं तेव्हा मी तुम्हाला पहिला भाग शिकवा म्हणले व्हते. तुम्ही म्हणले, लई किचकट हाय, तुला न्हाई उमगायचं."

"म्हणलो असंन."

"म्हणलेच. तव्हा न्हाई उमगायचं म्हणून शिकवलं न्हाई, आता उमगलं तर तुमच्या पोटात दुखून राह्यलं. मी करू काय मंग?"

अंगद खाली मान घालून जेवत राहिला. तिनं मिथुनला आधीच उत्तर धाडलं होतं, की काम काही नाही, मी येते.

रविवारी तिनं घरचा कॉम्प्युटर घेतला आणि अंगद दुकानाचं शटर अर्धं ओढून लॅपटॉपवर बसला. आज दाखवून द्यायचंच, या ईर्षेनं त्यानं आदल्या दिवशी निरनिराळे व्हिडिओ पाहिले होते, पण ते सगळे डोक्यात गोळा होऊन बसले होते. नावा बांधल्या तर कोठार राहिलं. कोठार बांधलं तर सरदार रुसले. त्याचं सगळं लक्ष नकाशावरच्या पिवळ्या रंगाकडं होतं. तो रंग एक गाव पुढं सरकला की याच्या छातीत कळ यायची आणि हा नको तिथं फौज धाडायचा. शेवटी त्याच्याच सरदारांनी राजधानीचे दरवाजे आतून लावून घेतले आणि पडद्यावर इंग्रजीत पाटी आली, की आपलं राज्य संपलं.

डावातून सगळ्यात आधी उस्ताद बाद झाला होता. हेडफोनमध्ये मिथुन म्हणाला, "दादा, होतं असं." ही दया त्याला हरण्यापेक्षा जास्त झोंबली.

तो भर उन्हात घरी आला. रेणुका खेळण्यात गढली होती. तो मागच्या बाजेवर टेकला. मिथुनही बाद झाला होता. आता भारत आणि ती, दोघंच उरले होते, आणि तिची फौज नदीच्या उथळ उतारावर भारतच्या फौजेसमोर उभी होती. भारतची माणसं थोडी दिसत होती. रेणुकानं आपले घोडेस्वार पाण्यात घातले.

तेवढ्यात अंगदला ते दिसलं. पलीकडच्या काठावर उंच लव्हाळं माजलं होतं आणि त्यावर पाखरं घिरट्या घालत होती. दुसऱ्या भागात सगळं बदललं होतं, पण लढाई तीच होती, जुनी. झाडीत फौज दडली की पाखरं उडतात, हे पहिल्या भागात त्यानंच मिथुनला आणि भारतला शिकवलं होतं. घोडे अजून निम्म्या पात्रात होते. मागं फिरवायला वेळ होता. एक शब्द पुरला असता.

अंगद गप्प राहिला.

लव्हाळ्यातून भारतचे धनुर्धारी उठले. बघता बघता पिवळे घोडेस्वार पाण्यात आडवे झाले. उन्हातून येऊन माठातलं पाणी प्यावं, तसा गारवा अंगदच्या अंगभर पसरला. तो गारवा पुरता पसरतोय तोच रेणुका वळली. तिच्या तोंडावर दुःख नव्हतं, राग नव्हता. नुसतं नवल होतं.

"हे कुठून आले?"

"लव्हाळ्यातून."

"तुम्हाला दिसले व्हते?"

नाही म्हणता आलं असतं. आज सकाळी कुणी विचारलं असतं तर तो नाहीच म्हणाला असता.

"दिसले व्हते," तो म्हणाला.

आता ही विचारणार, मग बोलले का नाही. पण रेणुकानं पडद्याकडं बोट केलं.

"कशावरून ओळखलं?"

"पाखरं. दडलेली फौज असली की वर पाखरं उडतात."

"हां," ती म्हणाली, "मला वाटलं ती शोभेलाच हायत." आणि परत वळून उरलेली फौज मागं घ्यायला लागली. तिनं पुष्कळ निभावलं. पण घोडदळ गेलं ते गेलंच. ऊन उतरेपर्यंत भारत जिंकला होता. तिनं हेडफोन काढून ठेवले, बोटं मोडली आणि चहा टाकायला आत गेली.

ती हरली होती. अंगदला हवं होतं ते झालं होतं. तो रिकाम्या पडद्यापुढं बसून राहिला आणि मघाचा गारवा शोधत राहिला, पण तो कुठं उरला नव्हता. तिनं एक हार घेतली आणि पाखरांचं काय ते शिकून मोकळी झाली. आपण इतक्या वेळा हरलो, त्यातून काय घेतलं? शिव्या तेवढ्या घेतल्या.

चहाची कपबशी त्याच्यापुढं ठेवताना रेणुका म्हणाली, "मी तुमच्यावर चिडलेलीच हाय. पाखरांचं सांगितलं म्हणून गेलं असं समजू नका."

"न्हाई समजत."

"पाखरं दिसली तव्हाच तुम्ही मला सांगायला पाहिजे व्हतं."

"हां," अंगद म्हणाला. त्यानं कपबशी खाली ठेवली. "चुकलं माझं. शाळेचं बी, आन् हे बी."

तिनं चहा संपवला आणि कपबशा उचलून आत नेल्या.

मंगळवारी बाजारच्या गर्दीत दुकान नीट चाललं. संध्याकाळी घरी आल्यावर अंगद हातपाय धुऊन कॉम्प्युटरपुढं बसला, इकडं तिकडं बघितलं आणि आत आवाज दिला.

"ते धडे कुठून सुरू व्हतात?"

रेणुका पिठाचे हात घेऊनच आली. तिनं कोपरानं दाखवलं. त्यानं दाबलं. पडद्यावर इंग्रजीत प्रश्न आला, आपण पहिला भाग खेळलेला आहे का? अंगदचा हात आपोआप 'हो'कडं गेला.

"न्हाई दाबा," रेणुका म्हणाली.

"खोटं कशापायी?"

"हो म्हणलं की ते अर्धे धडे गाळून टाकतं. तुम्हाला येतंच असं धरतं."

अंगद थांबला. पहिल्या भागातली सगळी राज्यं, रविवारच्या दुपारी, मिथुन-भारतचं 'उस्ताद, उस्ताद', सगळं त्या एका बटणामागं उभं होतं. त्यानं 'नाही' दाबलं.

पडद्यावर एक गाव आलं आणि गावाच्या घाटाला एक नाव. बाकी सगळं झाकलेलं. त्यानं नाव हाकारली.

"रिकामी चालली ती," मागून रेणुका म्हणाली.

छातीत पुन्हा बारीकशी कळ आली. ती काही आज जाणार नव्हती, उद्याही नाही.

"दिसलं," तो म्हणाला. मग जरा वेळानं म्हणाला, "न्हाई दिसलं. भरायची कुठून?"

रेणुकानं पीठ लागलेलं बोट पडद्याजवळ नेलं आणि गावामागचं कोठार दाखवलं.