उत्तम शुक्रवारची चॉकलेटची अंडी

ममता भल्लाच्या स्वयंपाकघरात पाऊल टाकलं आणि मी तेच पाऊल मागे घेतलं. परातीत लोण्याचा गोळा वितळून पसरला होता, त्यात चुरलेली बिस्किटं, वर कोको पावडर, आणि त्या चिखलात तीन-चार बायकांचे अंगठ्या घातलेले हात. उत्तम शुक्रवार होता, म्हणजे गुड फ्रायडे. मी सकाळपासून उपाशी होते आणि बाराला दिल्लीत चर्चमध्ये उपासना होती.

पण सुट्टी शुक्रवारची होती ना! म्हणून नोएडातल्या आमच्या नव्याकोऱ्या सोसायटीने ईस्टरची पार्टी शुक्रवारीच उरकायची ठरवली. ममता आमच्या समोरच्या फ्लॅटमधली, सोसायटीच्या सेक्रेटरीची बायको. आदल्या दिवशी ती दारात येऊन उभी राहिली.

“विजयाजी, आप तो क्रिश्चियन हैं. आप सिखाइए, बिल्कुल असली वाले ईस्टर एग. प्योर व्हेज, और ओव्हन भी नहीं चाहिए.”

मी जन्मात चॉकलेटचं अंडं केलं नव्हतं. आमच्या नगरला ईस्टर म्हणजे पहाटेची उपासना आणि दुपारी मटण नि पुरणपोळी. अंडं केलंच तर रश्श्यात. तिला सांगितलं, बाई, शुक्रवारी येशूला क्रुसावर खिळलं, तो शोकाचा दिवस. सण रविवारी.

“संडे को सोसायटी में किसी का मुंडन है, जी,” ममता म्हणाली. “दो दिन आगे-पीछे से क्या होता है?”

तिच्या तोंडावर दार आपटावंसं वाटलं. आपटलं नाही ते माझ्या तेजश्रीमुळे. माझ्या नवऱ्याने, सुजयने, सरकारी नोकरी सोडून इथल्या टीव्हीच्या कंपनीत उडी मारली आणि आमचं दिल्लीतलं आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर सुटलं. तिथे आमच्या लेकीला मैत्रिणींतून जेवायला फुरसत नसायची. इथे आल्यापासून ती बाल्कनीत उभी राहून खाली खेळणाऱ्या मुलांकडे बघत बसायची. ममताच्या शिवांगीने तिला एकदाही हाक मारली नव्हती. पार्टीचं कळल्यावर मात्र स्वारीने नवा फ्रॉक काढून ठेवला. “अकरापर्यंत आटपा, तिथूनच चर्चला जाऊ,” सुजय म्हणाला. मी कबूल झाले.

तर ही परात. एकीने चमचा चाटला, “मीठा कम है” म्हणाली आणि तोच चमचा परत आत घातला. दुसरीने गालावर चिकटलेला केस त्याच हाताने मागे सारला. वीज गेली, पंखा थांबला, आणि कपाळावरचा घाम मनगटाने पुसत सगळ्या पुन्हा मळायला लागल्या. बाहेरच्या खोलीत फुगे आणि भिंतीवर चमकीच्या अक्षरांत ‘हॅपी गुड फ्रायडे’. किळस आली मला. त्या परातीची, त्या भिंतीची, सगळ्याचीच.

तरी हातात घेतलेलं काम वाईट करणं माझ्या स्वभावात नाही. मी वेगळं पातेलं घेतलं. बिस्किटं बारीक कुटली, लोणी बेताचं, कंडेन्स्ड मिल्क थोडं थोडं घालत गोळा घट्ट केला. तेजश्री शेजारी उभी राहून जीभ दातांत धरून एकेक अंडं वळत होती. आमची अंडी अंड्यांसारखी दिसत होती. बाकीच्यांची बघवत नव्हती.

ममताने मुलांसाठी चांदीचं तबक सजवलं. त्यात त्यांची अंडी ठेवली. आमची एका स्टीलच्या ताटात घालून वॉशिंग मशीनवर सरकवली. “ये आप घर ले जाइएगा.” मला वाटलं, चला, बाईला निदान एवढी रीत आहे.

तेजश्रीला कुठला धीर? ती ते ताट उचलून थेट मुलांत गेली आणि पहिलं शिवांगीपुढे धरलं.

“ये वाला नहीं,” शिवांगी म्हणाली. चेहऱ्यावर राग नाही, काही नाही. “मम्मी ने बोला है, तुम्हारे हाथ का नहीं खाना. तुम लोग सब कुछ खाते हो ना.”

मी ममताकडे बघितलं. ती अंगठ्याला लागलेलं चॉकलेट चाटत होती. “बच्चे हैं, जी. कुछ भी बोलते हैं,” म्हणाली आणि हसली.

सकाळपासून मी या बायकांची किळस करत होते आणि त्या तर आम्ही राहायला आल्यापासून माझी करत होत्या. एकमेकींचे उष्टे चमचे त्यांना चालत होते, माझी धुतलेली बोटं चालत नव्हती. सण मात्र माझ्याकडून शिकायचा होता! ती परात उचलून ‘हॅपी गुड फ्रायडे’वर फेकावी असं वाटलं. पण आधी पोरीला घेऊन निघायचं होतं आणि पोरगी खोलीत नव्हती.

ती बाथरूममध्ये सापडली. कोपरापर्यंत साबणाचा फेस. दारात शिवांगी उभी.

“देख, अब? अब तो साफ हैं ना?” तेजश्रीने ओले हात तिच्या नाकापुढे धरले. शिवांगीने वास घेतला आणि नाही म्हणून मान हलवली. तेजश्रीने पुन्हा साबण उचलला.

मी पुढे होऊन नळ बंद केला. “तेजू, हात स्वच्छच होते तुझे. चल घरी.”

तिने माझ्याकडे बघितलंही नाही. माझा हात बाजूला सारून नळ परत सोडला.

“थांब ना यार, आई. अजून एकदा धुते. मग ती खाणारे.”